ओसरीवरचं कुत्रं

"आपलं कुत्रं कुठं गेलं?" हा प्रश्न घरातलं सर्वांत लहान पोर विचारतं आणि मोठी माणसं एकमेकांकडं न बघता उत्तर देतात. मळ्यात ठेवलंय, पळून गेलं, कुणीतरी नेलं. सिल्लोड तालुक्यातल्या मका-मिरचीवर चालणाऱ्या घरांत काय, किंवा दुसऱ्या कुठल्या गावात काय, खरं उत्तर पुष्कळदा निराळं असतं. कुत्र्याला लूत लागलेली असते, अंगावरचे केस गेलेले असतात, वास यायला लागलेला असतो आणि एका पहाटे त्याला गावाबाहेर नेऊन सोडलेलं असतं. मला मांडायचं आहे ते एवढंच: लूत बरी होते, ती ओळखण्याची पहिली संधी घरच्यांनाच मिळते, आणि म्हणून असं सोडलेलं कुत्रं मरतं तेव्हा त्याच्या मरणाचा जाब किडीला नव्हे, घराला द्यावा लागतो. हे बोलणं कठोर वाटेल, पण पुरावा त्याच बाजूनं आहे.

अशा कुत्र्यांची आयुष्यं एकमेकांपासून फार वेगळी नसतात. कुणाच्या तरी शेतातून पिल्लू येतं, पोरं त्याचं नाव मोती किंवा वाघ्या ठेवतात, सुरुवातीला ते कोपऱ्यात गोणपाटावर झोपतं आणि बघता बघता ओसरी त्याची होते. मक्याची कणसं खळ्यावर पडलेली असतात तेव्हा राखणीला ते असतं. मिरची वाळत घातलेली असते तेव्हा त्या ठसक्यातही ते जागा सोडत नाही. ज्या घरांत खंडोबाचा कुळाचार आहे तिथं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्यालाही वाढतात, म्हणजे घरानं त्याला देवाच्या नात्यानं आपलं म्हटलेलं असतं. हे नातं खोटं नसतं, हे मला ठासून सांगायचं आहे. कुत्रं सोडणाऱ्या घरात माया नव्हतीच असं धरून चाललं, तर हा सगळा प्रकार चार वाईट माणसांवर ढकलून आपण मोकळे होतो. माया असतानाही हे घडतं, कारण नुसत्या मायेनं आजार ओळखता येत नाही.

या कुत्र्याची एक लकब सगळ्या घराला ठाऊक असते. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली की त्याचा मागचा पाय आपोआप हलायला लागतो, हवेतच. पोरं हसतात, पाहुण्यांना करून दाखवतात, आजी म्हणते त्याला गुदगुल्या होतात. पोटावर खाजवल्यावर निरोगी कुत्र्याचाही पाय हलतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण कानाची कड चोळल्यावर पाय हलणं ही पशुवैद्यकात लुतीची नावाजलेली खूण आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लूत असलेल्या पाचांतल्या सुमारे चार कुत्र्यांनी असा पाय हलवला, आणि खाजेचे इतर आजार असलेल्या कुत्र्यांत तो क्वचितच हलला. यामागचं कारण साधं आहे. लूत करणारी सार्कोप्टिस ही कीड अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. तिची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणून त्यांत अंडी घालते, आणि अंड्यापासून पूर्ण वाढलेली कीड व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. जिथं केस विरळ असतात तिथं ती आधी शिरते: कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे घोटे, पोट. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी पुष्कळदा कीड सापडत नाही, म्हणून लक्षणं जुळली की डॉक्टर ती दिसण्याची वाट न पाहता उपचार सुरू करतात. तपासणीच्या काचेवर जे दिसत नाही, ते पोराच्या दोन बोटांना आधी कळलेलं असू शकतं. घर ज्याला खेळ समजत होतं, ती रोगाची पहिली खबर होती.

घरच्या नजरेवर मी इतका भर देतो त्याला इतिहासाचाही आधार आहे. माणसाची खरूज याच जातीच्या किडीमुळं होते, हे इटलीतल्या बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ साली दाखवून दिलं होतं. तरीही पुढं जवळजवळ दीडशे वर्षं बहुतेक वैद्य हा रक्तातला दोष मानत राहिले. १८३४ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं खरजेच्या रुग्णाच्या कातडीतून सुईच्या टोकावर जिवंत कीड काढून दाखवली तेव्हा वाद मिटला. ती कशी काढायची हे तो कुठल्या ग्रंथातून शिकला नव्हता. कॉर्सिका बेटावरच्या खेड्यांतल्या बाया आपल्या माणसांच्या अंगातली कीड सुईनं काढत, त्यांच्याकडून तो ते शिकला होता. विद्वानांना जे दिसलं नाही ते रोज अंगावरून हात फिरवणाऱ्या बायांना दिसलं. कुत्र्याच्या बाबतीतही ओसरी झाडणाऱ्या बाईला पडलेले केस आधी दिसतात, भाकरी टाकणारीला कानाची खपली आधी दिसते. ते बघायचं असतं आणि बघितलं तर सांगायचं असतं, एवढंच कुणी तिला सांगितलेलं नसतं. सांगितलं, तर घरात तिचं ऐकलं जातं का, हा प्रश्न पुन्हा वेगळा.

मग ती रात्र येते. लुतीची खाज उबेत वाढते, आणि सगळं घर निजलं की तिचा आवाज मोठा होतो. साखळी वाजत राहते, कुत्रं भिंतीला अंग घासतं, कण्हतं, स्वतःचाच पाय चावतं. अशा रात्री घराचा स्वभाव उघडा पडतो. कुणी उठून त्याच्यावर खेकसतं, कुणी पाण्याचं भांडं सरकवतं, कुणी पोराला कुशीत ओढून म्हणतं, "हात लावू नको त्याला." पहाटेपर्यंत कुणीच झोपलेलं नसतं, आणि झोप न झालेलं घर निर्णय घेतं. तो निर्णय दुष्टपणाचा नसतो, भीतीचा असतो: पोरांना लागेल. या आक्षेपाचं उत्तर नीट दिलं पाहिजे, कारण तो निराधार नाही. कुत्र्याच्या अंगावरची कीड माणसाच्या अंगावर येते, हातांवर आणि पोटावर खाजरे लाल पुरळ उठतात. पण कुत्र्याची ही कीड माणसाच्या कातडीत आपला संसार मांडू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की घरच्यांची खाजही बहुधा काही आठवड्यांत आपोआप जाते. ती गेली नाही तर माणसांच्या डॉक्टरकडं जायचं, कारण माणसांची खरूज वेगळ्या वाणाची असते आणि ती माणसाकडून माणसाला लागते. शिवाय केस जाणारा प्रत्येक कुत्रा लुतीचा नसतो. डेमोडेक्स नावाची दुसरी कीड पिल्लाला आईच्या दुधावर असतानाच मिळते, ती माणसाला लागत नाही, आणि कोवळ्या कुत्र्यात एखाददुसरा चट्टा असेल तर तो पुष्कळदा आपणहून भरून येतो. म्हणजे संसर्गाच्या भीतीनं बाहेर काढलेल्या कुत्र्यांतली काही अशीही असतात, की ज्यांच्यापासून कुणाला काहीच लागणार नव्हतं.

दुसरा आक्षेप घरगुती उपायांचा. "जळालेलं ऑइल चोपडलं आणि कुत्रं बरं झालं, हे डोळ्यांनी पाहिलंय," असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. तेलाच्या थराखाली काही किडी मरत असतील. आणि डेमोडेक्सचा चट्टा तर आपणहूनच भरणार असतो, त्याचं श्रेय जे काही लावलं असेल त्याला मिळतं. पण इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये विषारी द्रव्यं असतात आणि कुत्रं आपलं अंग चाटतं. ते बरं झालं तर सगळे बघतात, पोटात विष जाऊन कोपऱ्यात मेलं तर लोक म्हणतात लुतीनं मेलं. गंधक मात्र खरोखर कीड मारतं. ते जुनं आणि कामाचं औषध आहे, फक्त प्रमाण जाणकारानं ठरवावं. मांजराच्या बाबतीत तर घरगुती धाडस करूच नये. कानातली कीड झालेलं मांजर सारखं डोकं झटकतं आणि त्याच्या कानात चहाच्या भुकटीसारखा काळा मळ साठतो. त्याला कुत्र्याचं किंवा गुरांचं औषध लावलं, त्यातही परमेथ्रिन असलेलं, तर मांजर झटके येऊन मरू शकतं, कारण त्याच्या यकृताला ते विष पचवता येत नाही. फिनेलचंही तेच.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि सोयीचा: तालुक्याला डॉक्टर गुरांचा, कुत्र्याला कोण बघणार? पण लूत शेळीला होते, म्हशीलाही होते, गुरांच्या डॉक्टरला ती नवी नाही. आणि औषधही आवाक्यातलं आहे. जपानच्या मातीत सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या जिवाणूपासून विल्यम कॅम्बेल यांच्या संशोधनातून आयव्हरमेक्टिन तयार झालं, १९८१ पासून ते जनावरांना मिळतंय, आणि २०१५ साली त्या दोघांना नोबेल मिळालं. आज ते जुनं आणि स्वस्त औषध आहे. अलीकडं महिनाभर पुरणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत, त्यांना पैसे थोडे जास्त पडतात. यात एकच सावधगिरी: गुरांच्या बाटलीतलं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचू नये. मात्रा वजनावर ठरते, आणि कोलीसारख्या काही जातींत व त्यांच्या संकरात एका जनुकातल्या दोषामुळं हेच औषध मेंदूत शिरून जीव घेऊ शकतं. "बाहेरच्या कुत्र्यांकडून परत लागेल" असं म्हणणाऱ्यांना उत्तर इतकंच, की परत लागली तर परत औषध द्यायचं. पोराला दुसऱ्यांदा ताप आला म्हणून आपण त्याला बाहेर काढत नाही.

बाहेर काढलेल्या कुत्र्याचं पुढं काय होतं, याकडं घर पाठ फिरवतं म्हणून ते सांगणं भाग आहे. केस गेलेल्या अंगानं ते मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत उघड्यावर पडतं. ओसरीवर वाढलेल्या जिवाला अन्न शोधता येत नाही, दुसऱ्या गावातली कुत्री त्याला थारा देत नाहीत, आणि जळगाव रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर ते फार दिवस तगत नाही. उपाशीतापाशी हाल होतील अशा अवस्थेत पाळलेलं जनावर विनाकारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड फार तर पन्नास रुपये, त्यामुळं कायद्याच्या धाकानं कुणी थांबणार नाही. थांबवायचं तर घरानंच स्वतःला थांबवायला हवं. आणि घर एवढ्यासाठीही थांबावं, की पोर हे सगळं पाहत असतं. आजारी पडलेल्याला आपल्या घरात काय वागणूक मिळते, हे ते शिकत असतं, आणि उद्या त्या घरात म्हातारं होणाऱ्या माणसांनाही त्याच शिकवणीनं वागवलं जाणार असतं.

म्हणून सांगणं एवढंच. कुत्र्याच्या कानाच्या कडा, कोपरं आणि पोट दर आठवड्याला निरखा. खपली दिसली, केस गेले, पाय हलला, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना डॉक्टर सांगतील ते, ज्याचं त्याला वेगळं औषध एकाच वेळी द्या. गोणपाट जाळा किंवा उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नका, आणि ते पूर्ण होईपर्यंत त्या जनावराच्या ओसरीवरच्या जागेबद्दल घरात कुणालाही कसला निर्णय घेऊ देऊ नका.