जुनी ॲक्शन की नवी रायफल?

गेल्या भाद्रपदात सावंतवाडीजवळच्या आमच्या गावाहून तीर्थरूप अण्णांचे पत्र गुम्मिडिपूंडीस आले. बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांस अशा पत्रांची ओळख आहेच: आरंभी पाऊसपाणी, मध्ये नातलगांची प्रकृती, आणि खरे कारण शेवटच्या दोन ओळींत. ते असे होते: ‘वडिलांच्या रायफलीची नळी झिजली. रानडुकरे भात ठेवीत नाहीत. हीच नव्या नळीने बांधून घ्यावी की नवी विकत घ्यावी, ते कळवावे.’

आमचे उत्तर तयार होते: बांधून घ्यावी! आजोबांची ती रायफल माउझर ॲक्शनवरची. तिचा बोल्ट मागेपुढे होतानाचा आवाज आमच्या बालपणाचा भाग आहे. शिवाय दाखलाही थोर होता. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी हीदेखील जर्मन माउझर ॲक्शनवरच बांधलेली. बांधून घेणे हे खानदानी आणि विकत घेणे बाजारी, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

तरीही एका रविवारी लोकलने चेन्नईस जाऊन एका परवानाधारक कारागिराचा सल्ला घेतला. वृद्ध गृहस्थ होते. आमचे कौतुक शांतपणे ऐकून म्हणाले, “ॲक्शन पुजायची नसते, मोजायची असते.” मग त्यांनी समजावून दिले. बोल्ट बंद झाल्यावर त्याचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांत अंतर जरा जास्त राहिले, तर पितळी कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. नवी नळी बसवणे म्हणजे हे अंतर गेज लावून पुन्हा जुळवणे; आणि ज्या कानांवर बोल्ट अडकतो तेच झिजले असतील, तर नवी नळीही व्यर्थ. हे काम कोणाही लोहाराकडे देता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार त्यास परवाना लागतो. शेवटी त्यांनी विचारले, “आणि त्या बोअरची परदेशी काडतुसे दर वर्षी आणणार कोठून?”

याउलट .३१५ ची रायफल बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी घडवली आणि तिची काडतुसे आपल्या खडकीस बनत आली आहेत. पुण्याशेजारच्या खडकीचे नाव तमिळ मुलखात ऐकून आमचा अर्धा विरोध तेथेच गळाला.

उरलेला अर्धा परतीच्या वाटेवर गळाला. गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आहेत. मोडीचे लोखंड भरलेले ट्रक आत जातात आणि सळया भरलेले बाहेर येतात. ते पाहत उभे असता आम्ही स्वतःस विचारले: ही रायफल हातात घेऊन रात्री शेताच्या बांधावर कोण बसणार? आम्ही खासच नव्हे. वन विभागाची परवानगी मिळवणे, माळ्यावर जागणे, आणि गोळी झाडण्यापूर्वी पलीकडे माणूस नाही याची खात्री करणे, हे सारे धाकट्या बंधूच्या वाट्याचे. धोका त्याच्या तोंडाशी आणि हट्ट मात्र आमचा!

रात्री अण्णांना फोन केला. “नवी घ्यावी,” असे आम्ही म्हणालो, आणि आजोबांविषयी काही बोलू लागलो. अण्णांनी मध्येच थांबवले. “अरे, बंदूक शेत राखायला घेतली होती. आजोबांना राखायला आपण आहोत.”

वारसाहक्काने परवाना बंधूच्या नावे व्हावा, मग जुनी रायफल विक्रेत्याकडे जमा करून नवी घ्यावी, असे ठरले. आमचे काम एवढेच उरले, की आपली हरकत नाही असे लिहून द्यावे. नोकरीत हजारो कागदांवर आम्ही ‘हरकत नाही’ असे लिहिले आहे. या एका कागदावर सही करताना मात्र पेन बराच वेळ हातातच राहिले. दुसऱ्या दिवशी गुम्मिडिपूंडीच्या टपालकचेरीतून तो रवाना केला.