मालवण : किल्ला आणि रापण

जबलपूरजवळ नर्मदेच्या पात्रात मासे धरणारा माणूस बहुधा एकटाच असतो. होडीच्या टोकाशी उभा राहून तो जाळे फेकतो आणि मिळेल ते घरी नेतो. नदीकाठच्या वाचकांना परिचित असलेले हे चित्र मनात ठेवून दक्षिण कोकणातील मालवणास गेल्यास तेथील किनाऱ्यावर अगदी निराळे दृश्य पाहावयास मिळते. तेथे एकच जाळे ओढण्यासाठी अर्धी वाडी लोटते. या जाळ्यास रापण म्हणतात. मालवणचे नाव सर्वदूर झाले ते सिंधुदुर्ग किल्ल्यामुळे. परंतु तेथील कोळीवाड्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या भरले ते या रापणीने.

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उत्तरेस कोळंबची खाडी, दक्षिणेस कर्लीची खाडी, पाठीशी जांभ्या दगडाची टेकाडे आणि समोर पाण्याबाहेर डोके काढलेले काळे खडक, अशी त्याची मांडणी आहे. गावाच्या नावाची व्युत्पत्ती कोणी मिठागरांवरून ‘महालवण’ अशी लावतात, तर कोणी ‘माडांचे बन’ अशी. मीठ आणि माड दोन्ही येथलीच असल्याने यांपैकी एकही कल्पना गावास परकी वाटत नाही.

समोरच्या त्या खडकांनीच गावाचा इतिहास घडविला. त्यांच्यामधील वाट ज्यास ठाऊक नाही, त्याचे जहाज येथे सुरक्षित नाही. हे हेरून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याच्या बांधकामास आरंभ झाला. सुमारे तीन वर्षांत अठ्ठेचाळीस एकरांचे बेट जवळजवळ तीन किलोमीटर लांबीच्या तटाने वेढले गेले. पायाचे दगड शिसे ओतून पक्के करण्यात आले. महाद्वार तटाच्या वळणात असे दडविले आहे की, होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दृष्टीस पडत नाही. चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोड आहे. राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर येथेच आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले. पुढे तो कोल्हापूरकरांस परत मिळाला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण इंग्रजांकडे गेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सिंधुदुर्गाचा समावेश आहे.

आता रापणीकडे वळू. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केला की गाबीत समाजातील मच्छीमार जाळी काढतात. होडीतून जाळे टाकीत पाण्यात मोठा अर्धवर्तुळाकार फेर धरला जातो आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणली जातात. मग दोन्ही दोरांशी माणसांच्या रांगा लागतात आणि जाळे हळूहळू वाळूकडे सरकू लागते. या ओढीत कित्येक तास जातात. अखेरीस तारली, बांगडे, पेडवे वाळूवर चमकू लागतात. रापण ही एकट्याची मालमत्ता नसते; संघात अनेक घरांचे भाग असतात. मिळालेल्या मासळीचे वा पैशाचे वाटे होतात, त्यांत होडीचा आणि जाळ्याचाही वाटा असतो. विक्रीचा व्यवहार बहुतांशी स्त्रियांच्या हाती असतो, आणि भावाच्या बाबतीत त्यांना फसविणे सोपे नाही.

या व्यवस्थेचे सारे बळ एका गोष्टीवर अवलंबून आहे : मासळी किनाऱ्यापर्यंत आली पाहिजे. यांत्रिक नौका वाढल्या आणि पर्ससीन जाळे आले, तेव्हा माशांचे अख्खे थवे खोल पाण्यातच वेढले जाऊ लागले. रापणकरांनी दीर्घकाळ आंदोलने केली. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तर २०१७ मध्ये केंद्र शासनाने प्रखर विजेच्या दिव्यांनी मासे आकर्षून पकडण्यास बंदी केली. नियम झाले, परंतु समुद्रावर पहारा ठेवणे तटावर पहारा ठेवण्याहून कठीण असते. म्हणून हा झगडा अद्याप संपलेला नाही. दरम्यान अनेक घरांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, होड्या प्रवासी नेऊ लागल्या. त्यातून संसारास आधार मिळाला, हेही खरे.

किल्ल्याचे चिरे जपण्यास आता साऱ्या जगाने हात पुढे केला आहे. रापण जपावयाची तर पाण्यात मासळी आणि काठावर एकमेकांस धरून राहणारी माणसे, दोन्ही शिल्लक राहिली पाहिजेत. मालवणास जाल तेव्हा किल्ला अवश्य पाहा. पण परत आल्यावर किनाऱ्यावर थोडे थांबा. रापण ओढली जात असेल, तर दोराला हात लावा. कोणी नको म्हणणार नाही.