तळहातातली नाडी

चिखलीतून दुसऱ्या पाळीला निघताना बांगड्या, अंगठी, घड्याळ देवापाशी काढून ठेवते. बावीस वर्षांची सवय. कोपरापर्यंत हात धुवायचे असतात, आणि निम्मं काम मला हातालाच कळतं.

अलीकडं आमच्या नवजात कक्षात आलेलं एक बाळ २६ आठवड्यांचं, ७८० ग्रॅमचं. चौथ्या दिवशी त्याच्या तळहातावर बोटाचं टोक ठेवलं, तर ठोका लागला. एरवी तिथं नाडी लागत नाही. छातीवर हृदय नुसतं उडताना दिसत होतं. रक्तदाबाचा खालचा आकडा घसरलेला, सकाळी ३० टक्के पुरणारा ऑक्सिजन ४० वर. इको व्हायच्या आधीच म्हटलं, "सर, नळी उघडी वाटतेय."

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून तिकडं निघालेलं बरंचसं रक्त हृदयाजवळच्या या नळीतून परस्पर महाधमनीत जातं. पुऱ्या दिवसांच्या बाळाची नळी दोन-तीन दिवसांत मिटते. २८ आठवड्यांच्या आतल्यांची पुष्कळदा मिटत नाही. मग रक्त उलटं फिरून फुप्फुसांत शिरतं. ती मुळात कोवळी, त्यात ओली होतात, आणि आतड्यांच्या वाट्याचं रक्त घटतं.

मी कामाला लागले तेव्हा नळी दिसली की औषध ठरलेलं. आधी इंडोमेथासिन, मग आयबुप्रोफेन, अलीकडं तापावरचं साधं पॅरासिटामॉलसुद्धा; नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया. २०२२ च्या अखेरीस नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमधल्या २७३ बाळांचा अभ्यास आला. थांबून पाहिलेल्या बाळांचं, लगेच आयबुप्रोफेन दिलेल्यांपेक्षा, काही बिघडलं नव्हतं. आता आम्हीही बऱ्याचदा थांबतो. पाणी मोजून, सीपॅपचा, म्हणजे नाकातून दिलेल्या हवेचा, दाब सांभाळून. औषध एकदा लिहिलं की ठरून जातं. थांबायचं मात्र तासातासाला नव्यानं ठरवावं लागतं.

ऑक्सिजनचं तेच. नवी होते तेव्हा अलार्म वाजला की हात थेट नॉबवर. वाढवायची पटकन, उतरवायची विसरायची. एका रात्री मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ८८ दिसला आणि मोठ्या सिस्टरनी माझं मनगटच धरलं. "वीस मोज." बाराला बाळानं आपणच श्वास घेतला. ९१. जादा ऑक्सिजन फुप्फुसंही खातो आणि डोळ्यांचा पडदाही, हे परीक्षेत मी लिहिलं होतं. मनगटाला कळलं ते त्या रात्री.

त्या २६ आठवड्यांच्या बाळाची नळी औषधाशिवाय मिटली. फुप्फुसं मात्र मागं राहिली. ३६ आठवडे भरले तरी थोडा ऑक्सिजन लागायचा, तेव्हा फाइलवर बी.पी.डी., म्हणजे फुप्फुसांचा रेंगाळलेला आजार, लिहिलं गेलं. मधल्या काळात बाळाच्या आजीनं हळूच विचारलं होतं, पाचवी राहिली, कोरा कागद आणि पेन पेटीपाशी ठेवू का? म्हटलं, आजी, इथं कागद-पेन रात्रभर असतंच. सटवाईला आमचाच चार्ट वाचावा लागेल.

बारा आठवड्यांनी, सव्वादोन किलोचं होऊन, ते विनाऑक्सिजन घरी गेलं. घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. रविवारी डोकावले तर बाप चाकणची रात्रपाळी करून झोपलेला, बाळ नुकतं न्हालेलं आणि आजी शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकायच्या बेतात.

"आजी, याला धुरी नको. उदबत्ती नको, मच्छर-कॉइलही नको. फुप्फुसं अजून तयार होतायत."

"आमची सहा पोरं धुरीवर वाढली."

वाद घातला नाही. त्यांचा हात धरून बाळाच्या पोटावर ठेवला. म्हटलं, पोट वर आलं की एक. मिनिटभर मोजा, साठच्या वर गेले तर फोन करा.

सुनेनं शेगडी उचलून दाराबाहेर नेली. आजीचं तिकडं लक्षच नव्हतं. "सेहेचाळीस, सत्तेचाळीस... थांब, पुन्हा मोजते. मधे जरा हसला तो."