ताईची, दादाची आणि गुडघ्याची

'ताई ची' हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कुठल्या ताईची?" तेव्हापासून आमच्याकडे या प्रकाराला 'ताईचं' असंच नाव पडलंय. "ताईचं झालं का गं? मग चहा टाकते."

नातेवाईक मंडळी हे वाचतात आणि मग फोनवर "तुझे गुडघे काय म्हणतात?" एवढंच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

चाळिशीत पळायला लागले. आता सेहेचाळीस. सकाळी सहा ते सात तळजाईवर जो तास जातो, तो दिवसातला एकमेव तास असा आहे की ज्यात मी कुणाची आई, सून, मॅडम काहीही नसते. मागच्या पावसाळ्यात उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. चढताना ठीक, उतारावर मात्र चौथ्या किलोमीटरला ठरल्यासारखी कळ. पुढे पुढे घराचा जिना उतरतानासुद्धा. बाबांचे दोन्ही गुडघे बदललेले, आत्या कठडा धरून आडवी आडवी जिना उतरते. "आपल्या घराण्याचे गुडघेच तसे" हे वाक्य ऐकतच मोठी झालेय. त्यामुळे भीती दुखण्याची नव्हती, तो तास जाण्याची होती.

फिजिओथेरपिस्टबाईंनी पळणं निम्म्यावर आणलं आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम दिले. ते इमानेइतबारे केले, अजून करते. त्याच सुमारास जवळच्या एका हॉलमध्ये ताई चीचा वर्ग सुरू झाला. पळायचं नाही तर निदान हलावं तरी, म्हणून गेले.

शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. १९५६ साली चीनमध्ये लोकांना सोपा पडावा म्हणून २४ हालचालींचा एक संच बांधला गेला, तोच शिकवतात. पहिले दोन आठवडे मात्र नुसतं उभं केलं. गुडघे किंचित सैल, खांदे सोडलेले, डोकं वरून दोरीनं टांगल्यासारखं. उभं राहण्यात काय शिकायचं? पण पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात आणि आपण रोज किती ठिकाणी उगाच ताठून असतो ते कळतं. जबडा, खांदे, मुठी... यादी मोठी आहे.

डोक्याची दोरी मला समजली ती आजीमुळे. विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर घेऊन यायची. मान स्थिर, खांदे सैल, सगळी हालचाल कमरेखाली. पाणी हिंदकळायचं नाही. ताई चीचं नावही तिने ऐकलेलं नव्हतं :)

पळणं आणि ताई ची यांची मोट मी बांधलेली नाही. डॅनी ड्रायर या लांब पल्ल्याच्या अमेरिकन धावपटूने ताई ची शिकून ती पळण्याला लावली आणि २००४ साली 'ची रनिंग' हे पुस्तक लिहिलं. गंमत म्हणजे ही 'ची' आणि ताई चीतली 'ची' एक नव्हेत. पुस्तकातली 'ची' म्हणजे आपण प्राण म्हणतो तशी शक्ती. ताई चीमधली 'ची' म्हणजे टोक, पराकाष्ठा. मराठीतली तिसरी 'ची' सासूबाईंची.

पुस्तकातलं सूत्र साधं आहे. बाहेर कापूस, आत सुई. हातपाय कापसासारखे मऊ आणि मधला कणा ताठ. जोर बेंबीखाली तीन बोटांवरून निघायला हवा, पायांनी फक्त साथ द्यायची. पाऊल शरीराच्या पुढे फेकायचं नाही, शरीराखाली पडू द्यायचं. आणि झुकायचं ते घोट्यापासून, कमरेतून नाही.

यावर दादाचा नाशिकहून फोन. तो मेकॅनिकल इंजिनिअर. "सपाट रस्त्यावर गुरुत्वाकर्षण फुकट ढकलत नाही, कुणाला सांगतेस?" बरोबर आहे त्याचं. पण घोट्यातून जरासं झुकलं की पाऊल लांब टाकता येत नाही, ते आपोआप खाली पडतं, हा फायदा खरा. पाय पुढे ताणून टाच आपटली की प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो आणि तो धक्का गुडघा सोसतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ मधल्या अभ्यासात दिसलं की वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्के वाढवली तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. हे ऐकल्यावर दादा म्हणाला, "हां, हे पटतं."

मी मोबाइलवर टिकटिक लावली. मिनिटाला १५८ पावलं होती, ती हळूहळू १६८ वर नेली. सुरुवातीला भातुकलीतल्या बाहुलीसारखं वाटतं. टेकडीवरचे नेहमीचे आजोबा "आज घाई दिसतेय" म्हणाले. पण साधारण तिसऱ्या महिन्यात एक दिवस उतार संपला आणि लक्षात आलं की चौथा किलोमीटर केव्हाच मागे गेलाय.

मात्र भार कुठे नाहीसा होत नाही, जागा बदलतो. टाचेऐवजी चवड्यावर यायला लागलं की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर जास्त काम करतात. म्हणून वाचून उद्याच दहा किलोमीटर पळू नका. आधी पाच मिनिटं, मग दहा. आणि गुडघा सुधारला तो ताई चीने, व्यायामाने की कमी पळण्याने, याची वाटणी मी करत बसले नाही. तिघांना समान श्रेय.

एक फरक मात्र ताई चीचाच. तिथे पाऊल आधी रिकामं टेकवतात, जमीन पारखतात आणि मग त्यावर वजन देतात. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, तेव्हा हे जसंच्या तसं जमत नाही. पण पारखायची सवय लागते. आता कुरकुर सुरू झाली तर ती कळ होण्याआधीच ऐकू येते. पूर्वी कानात गाणी असायची, आता पावलांचा आवाज ऐकते. आवाज जितका कमी, तितकं पळणं बरं.

घराण्याचे गुडघे घराण्याकडे राहू देत. माझ्या हातात पाऊल कुठे टाकायचं एवढंच आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे. आत्या, तू हे वाचत असशील तर कठडा सोडू नकोस, पण खांदे तेवढे सोडून बघ.