बर्फाखालचे तळे

मासेमारीशी माझा संबंध आजवर बाजारातल्या पिशवीपुरता! तरी एका फेब्रुवारीत, फिनलंडमधील टॅम्पेरे शहराबाहेरच्या गोठलेल्या तळ्यावर मी चक्क गळ टाकून बसलो होतो. भाचा तिथे नोकरीला आहे. त्याच्या शेजारचे एक आजोबा आमचे गुरू.

उणे बारा अंश थंडी. तळ्यावर पाऊल टाकण्यापूर्वीच आजोबांनी माझ्या गळ्यात लाकडी मुठींचे दोन अणकुचीदार खिळे अडकवले. बर्फ फुटून माणूस आत पडला, तर निसरडी कड हाताला धरवत नाही. खिळे रोवून अंग वर ओढायचे आणि आलो त्याच दिशेने सरपटत परतायचे. हा पहिला धडा; मासा मागाहून!

गिरमिटाने भोक पाडले, तो हातभर बर्फाखाली काळेभोर पाणी. पाणी सर्वांत जड असते चार अंशांना. ते तळाशी राहते, बर्फ वर तरंगतो, आणि त्या छपराखाली मासे सुखाने हिवाळा काढतात.

"सामानाची पेटी हरवली असं समजा," आजोबा भाच्याच्या तोंडून म्हणाले, "खिशात काय आहे?"

मफलरची सेफ्टी पिन, सौ.ने बटणासाठी दिलेले दोऱ्याचे रीळ, चॉकलेटची चांदी आणि किल्ली. पिनेचा गळ झाला, चांदीचे आमिष, वजनाला किल्ली.

"मामा, घरी जायचंय आपल्याला!" भाचा कळवळला.

किल्ली तळाला टेकली की दोरा वीतभर वर घ्यायचा आणि हलके झटके द्यायचे. पहिला मासा निसटला. पिनेला उलटा काटा नसतो. दोरा सैल पडता कामा नये. दुसरा वर आला, पट्ट्यापट्ट्यांचा, तळहाताएवढा पर्च. मग मला चेवच चढला!

तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अंगठा करंगळीला लावा."

लागेना! त्यांनी तत्काळ दोरा गुंडाळला.

"मासे लागताहेत की अजून!" मी म्हणालो.

"मासे उद्याही इथंच असतील. पण बोटं गेली तर काडी कोण ओढणार?"

काठावर शेकोटी पेटली. ऊब यायला लागली तशी बोटे असह्य ठणकू लागली. मासा भाजला; तिघांच्या वाट्याला दोन-दोन घास आले. एवढ्यासाठी मी बोटे पणाला लावली होती, आणि तीही पोट भरलेले असताना!

खरे सांगतो, उपाशी आणि एकटा असतो, तर मी उठलो नसतो.