वैऱ्याची स्वाक्षरी

माणसाला छंद असावा असे म्हणतात. पण छंदालाच माणूस लागला म्हणजे काय होते, ते आमच्या घरी येऊन पाहावे. मला पुस्तक हवे ते पहिल्या आवृत्तीचे आणि लेखकाच्या सहीचे. सुरुवात झाली ती पुण्यात, आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून. एका कवीने एका समीक्षकांना 'सप्रेम भेट' दिलेला संग्रह मला चार रुपयांना मिळाला, आणि त्याची पानेदेखील कापलेली नव्हती! कवीचा अपमान आणि माझा लाभ एकाच पानावर होता. तेव्हापासून हे व्यसन जडले.

मी जन्मभर फ्रेंच शिकविली. मुलगा नोकरीसाठी पॅरिसला गेला आणि तिथलाच झाला. त्यामुळे एक वर्षाआड उन्हाळ्यात आमची तिकडे वारी असते. सौ. नातीला घेऊन बागेत जाते, मी सेन नदीच्या काठी. तिथे नदीच्या दगडी कठड्यावर तीनेक किलोमीटरपर्यंत हिरव्या पेट्या बसविलेल्या आहेत. सकाळी झाकणे उघडली की दुकान, संध्याकाळी कुलूप लावले की पुन्हा पेटी. शनिवार-रविवार असला तर ब्रांसिओं रस्त्यावरच्या जुन्या घोडेबाजाराच्या छपराखाली पुस्तकांचा बाजार भरतो. घोड्याचे दात पाहत असतील तशी मी तिथे पुस्तकाची पाने पाहतो. छपाई पुरी झाल्याची तारीख फ्रेंच पुस्तकात बहुधा अगदी शेवटी असते, तेव्हा पुस्तक मागून उघडायचे. सही मात्र पुढे. आणि गंमत अशी की तिथेही टीकाकारांना पाठविलेल्या भेटप्रती सहीसकट याच पेट्यांत येतात. हा धर्म दोन्हीकडे सारखाच पाळतात म्हणायचा!

एका पेटीत मला झाँ रास्पाय यांचे 'ल काँ दे सँ', म्हणजे 'संतांची छावणी', हे पुस्तक मिळाले. रॉबेर लाफों यांनी १९७३ साली काढलेली पहिली आवृत्ती. आत कुणाचे तरी नाव, दोन शिष्टाचाराचे शब्द आणि खाली सही. रास्पाय मला ठाऊक होते ते प्रवासी म्हणून. पाटागोनियाचा राजा म्हणवून घेणाऱ्या एका फ्रेंच माणसावर त्यांनी कादंबरी लिहिली. तिला १९८१ साली फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९८६ साली त्यांनी मॅगेलनच्या सामुद्रधुनीकडे होड्यांतून राहणाऱ्या आलाकालुफ लोकांवर लिहिले. एक जमात जगातून कशी पुसली गेली, त्याची ती कहाणी वाचताना माझे डोळे भरून आले होते. अशा लेखकाची सही एका साध्या जेवणाच्या किमतीत मिळते म्हटल्यावर मी मागेपुढे पाहिले नाही.

रात्री मुलाच्या घरी पुस्तक उघडले आणि पहाटेपर्यंत मिटले नाही. आवडले म्हणून नव्हे.

कलकत्त्याच्या बंदरातून शंभर मोडकी जहाजे निघतात. त्यांवर गंगाकाठची दहा लाख भुकेली माणसे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून ती फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला लागतात, आणि त्यांना अडवायचे की उतरू द्यायचे या घोळात सारा युरोप कोसळतो. एवढेच कथानक असते तर ती एक भयकथा झाली असती. पण त्या दहा लाखांत नावाने ओळखावे असे जवळजवळ कुणी नाही. नुसती घाण, दुर्गंधी, वासना आणि गर्दी. अखेरच्या मूठभर गोऱ्या रक्षकांत एकच हिंदी गृहस्थ आहे, पाँडेचरीचा. त्याचे आडनाव हमादुरा. हे आडनाव माझ्या कानांवरून तरी कधी गेलेले नाही. तो आपल्याच लोकांवर बंदूक चालवतो म्हणून लेखकाच्या मर्जीतला.

आलाकालुफांसाठी रडणारा हात आणि हा हात एकच. याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. जी माणसे नाहीशी होत आहेत त्यांच्यावर प्रेम करणे सोपे. जी दारात उभी राहतील त्यांचे काय, असे काहीसे असेल.

आणखी एक गोष्ट मनातून जाईना. १९७१ साली मी कॉलेजात होतो. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आपल्या देशात आली. फार मोठा भार बंगालवर पडला. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकच्या छावणीत माणसे सिमेंटच्या मोठमोठ्या नळांत संसार थाटून राहिली होती. आपण काही श्रीमंत नव्हतो. त्या नोव्हेंबरापासून मार्च १९७३ पर्यंत साध्या पाकिटावरही नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट लावावे लागे. माझे मामा कोकणातून पत्र लिहीत आणि त्या पाच पैशांबद्दल कुरकुर करीत, पण लावीत. याच सुमारास तो लेखक भूमध्य समुद्राकडे पाहत कलकत्त्याहून येणाऱ्या दहा लाखांची कल्पना करीत होता. आणि खरेखुरे कलकत्ता त्या वेळी येणाऱ्यांना जागा करून देत होते! तेही हौसेने नव्हे. तक्रारी होत्या, रोगराई होती, भांडणे होती. पण बंदूक रोखून कुणी किनाऱ्यावर बसले नव्हते.

मामांचे एक पाकीट माझ्यापाशी उरले होते. पुण्याला परतल्यावर मी ते त्या पुस्तकात ठेवून दिले.

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण दोन वर्षांनी दुसरी सहीची प्रत घेतली. पुढे तिसरी दिसली. २०११ साली लेखकाच्या नव्या प्रस्तावनेसह पुस्तक पुन्हा निघाले आणि हातोहात खपले. तेव्हापासून जुन्या प्रतींना गिऱ्हाईक वाढलेले. घोडेबाजाराच्या त्या छपराखाली तिसऱ्या प्रतीवर माझा आणि एका वृद्ध फ्रेंच गृहस्थाचा हात एकदमच पडला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "महाशय, हे पुस्तक कशाबद्दल आहे ते आपल्याला माहीत आहे ना?"

"हो," मी म्हणालो, "माझ्याबद्दल."

त्यांनी हात काढून घेतला. लाजून की भिऊन, कळले नाही. मी पैसे मोजले. पण त्या दिवशी नेहमीचा आनंद काही झाला नाही. घरी सौ. म्हणाली, "अहो, आता शिव्या खायलासुद्धा पैसे मोजायचे?" मी तिला संग्राहकाची बाजू समजावून सांगू लागलो. तिने शांतपणे गॅस बारीक केला आणि ऐकून घेतले. सांगता सांगता माझे मलाच ते पटेनासे झाले. वैऱ्याचे हस्ताक्षर कुलपात ठेवले की वैरी हाती आला, असे मनात कुठेतरी असावे. रास्पाय २०२० साली गेले. ती बातमी वाचून मी आधी कपाट उघडून तिन्ही सह्या पाहिल्या आणि मग किमती वाढतील का, असा विचार माझ्या मनात आला. लाज वाटली, पण आला खरा.

गेल्या दिवाळीत मुलगा सहकुटुंब पुण्याला आला होता. नात आता पंधराची. जन्म पॅरिसचा, फ्रेंच माझ्यापेक्षा चांगली, मराठी गोड आणि मोडकी. पाडव्याच्या दुपारी ती कपाटापाशी बसली होती. मी पाहिले तेव्हा पुस्तक तिच्या मांडीवर होते आणि बरेचसे वाचून झाले होते. मी गप्प उभा राहिलो. कपाटाला कुलूप का लावले नाही, असे वाटून गेले.

"आजोबा, ही बोटीवरची माणसं म्हणजे आपण ना? बाबा तर विमानानं गेले होते."

"हो."

"आणि तुम्ही ह्यांची सही विकत घेतलीत. तीनदा."

मी काही बोललो नाही. तिने पाकीट उचलले. "आणि हे काय आहे?"

मग मात्र मी बोललो. नळांत राहणारी माणसे, मामांची कुरकुर, पाच पैसे, सारे सांगितले. तिने तिकीट उजेडात धरून पाहिले. पाच पैशांत तेव्हा काय यायचे, मामा पुढे कधी कलकत्त्याला गेले का, असे बरेच विचारले. सहीबद्दल काहीच विचारले नाही.

"आमच्या वर्गात ह्या पुस्तकाबद्दल वाद झाला होता. मी हे घेऊन जाऊ? बाईंना दाखवीन."

"ने. पाकीट तेवढं इथं राहू दे. ते एकच आहे."

"मग पुस्तक नको," ती म्हणाली.

दोन्ही गेली. कपाटात आता दोनच प्रती आहेत. तसल्या तिकिटाचे पाकीट कुठे मिळेल का म्हणून मी परवा एका जुन्या तिकिटवाल्याकडे गेलो होतो. त्याने खोक्यातून मूठभर पाकिटे काढून समोर टाकली आणि म्हणाला, "घ्या कितीही. ह्यांना कुणी विचारत नाही."