पाण्याकाठचे घर

मावळात घर बांधणे सोपे. ते घर मावळाचे होणे अवघड. पवनेच्या जलाशयाकाठी अलीकडे काचेच्या भिंतींची अनेक घरे उभी राहिली. समोर तुंग आणि तिकोना, पायाशी पाणी. अशा घराभोवती बहुधा सर्वप्रथम हिरवळ अंथरली जाते. पावसाळ्यात ती चिखलात बुडते आणि उन्हाळ्यात रोज पाणी मागते.

जाणता उद्यानरचनाकार आधी एक पावसाळा नुसता पाहतो. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतारावरून तो कोठून धावतो, हे कळल्यावर मग काळ्या दगडाचे बांध, उताराला आडवे चर आणि पागोळ्यांखाली खडीचा पट्टा यांची जागा ठरते. जांभूळ, हिरडा, अंजनी, करवंद ही इथलीच झाडे जवळ केली, की ओसरी कोठे संपते आणि रान कोठे सुरू होते, ते डोळ्यांना कळत नाही. सात वर्षांनी फुलणारी कारवी मात्र घरधन्याकडे संयम मागते.

परंतु काठावरच्या घराला याहून मोठे भान हवे. हे पाणी देखाव्यासाठी अडवलेले नाही. लोणावळा-वळवणची तळी खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी झाली. ते केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पवना धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि आज पिंपरी-चिंचवड तेच पाणी पिते. ते बंद जलवाहिनीने नेण्याविरुद्धच्या २०११ च्या आंदोलनात मावळातील तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. बागेत टाकलेले रासायनिक खत पहिल्या पावसात याच पाण्यात उतरते. म्हणून काठालगतचा पट्टा कुंपणाविना, गवताझुडपांना मोकळा सोडणे, हा त्या बागेच्या आखणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय.

मावळातल्याच पाले गावाजवळच्या लेण्यात सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. अरिहंतांना वंदन करून तो भदंत इंद्ररक्षितांनी करविलेल्या दोन गोष्टी नोंदवितो: लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके. निवारा आणि त्यापुरते पाणी, दोन्ही एकाच खडकात कोरलेली. ज्यांनी ती करविली त्यांनी डोंगराकडून याहून अधिक काही घेतल्याची नोंद तिथे नाही.